चाळीसच्या जागी चार

बाबांनी उभा जन्म छापखान्यात अक्षरं जुळवण्यात काढला होता. आता ते घरी बसून छापखान्याच्या आठवणी टाइप करायचे. लिनक्सचा कॉम्प्युटर एकच, आणि त्याच्या स्क्रीनच्या उजेडावरून बापलेकीचं रोज वाजायचं. बाबा तो शंभर टक्क्यांवर न्यायचे, लेकीचे डोळे दिपायचे.

"डोळ्यांच्या खाचा होतील तुमच्या," ती करवादायची.

"मग दिसणार कसं मला?"

शेवटी वैतागून तिने कॉम्प्युटरमध्ये कमांडची एक ओळ लिहून ठेवली: कॉम्प्युटर सुरू झाला की उजेड आपोआप चाळीसवर. बाबा काही दिवस धुसफुसत कळ दाबून तो वाढवत राहिले, मग वाढवायचेच थांबले. जिरली एकदाची, असं तिला वाटलं.

काल ती ओळ जरा नीट करताना घाईत चाळीसातलं शून्य गळलं. आज सकाळी ती चहा घेऊन आली, तर स्क्रीन काळाठिक्कर. बाबा मात्र त्याच्याकडे बघत भराभर टाइप करत होते.

तिने कप खाली ठेवला.

"दिसतंय ना नीट, बाबा?"

"हो की. तुझंच खरं. कमी उजेडात डोळे शांत राहतात."

तिने वाकून कळ दाबली आणि शंभर होईपर्यंत दाबून धरली. पांढराफटक उजेड बाबांच्या चेहऱ्यावर पडला. पापणीसुद्धा लवली नाही.

"आणखी कमी केलास का गं?" बाबांनी विचारलं. "राहू दे. बरं वाटतंय."