सहीपुरत्या बायका

“कुंदाबाई पितांबर चौधरी.”

“हजर!” म्हणत पितांबर उठला आणि उभं राहिल्यावर त्याला आपली चूक कळली.

आज हजेरी नव्हती, मुलाखत होती. नाशिकहून आलेल्या साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. जळगावच्या त्या उद्योजकता वर्गात बारा दिवस हीच रीत पडली होती. निम्म्या जागा बायकांच्या, असा एक्याण्णव साली वरून हुकूम आला, तेव्हा पुरुषांनी सरळ बायकांची नावं लावली. बायका सकाळी सही करून व्हरांड्यात जात, आणि त्यांच्या खुर्च्यांवर नवरे बसत. कागदावर आकडा जुळतोय म्हटल्यावर शिकवणाऱ्या सरांनीही डोळेझाक केली होती.

“वर्गात बसलं कोण?” साहेबांनी विचारलं. “हजेरी खोटी असेल तर नाव कापावं लागेल.”

दारात उभी असलेली कुंदाबाई एक पाऊल आत आली. नाव कापलं की वर्गानंतर मिळणारं केळीच्या वेफर्सचं यंत्रही गेलं. पितांबर तिला डोळ्यांनी दटावत होता. बारा दिवस खुर्चीत पेंगलेला माणूस आता टक्क जागा होता.

“खुर्चीत हे व्हते, साहेब,” ती म्हणाली. “मी व्हरांड्यात खिडकीशी बसे. पन सर बोलले ते बठ्ठं मीच आयकलं.”

“काय ऐकलंत?”

तिनं पदर सावरला, पुन्हा सावरला.

“माल कराच्या आधी गिऱ्हाईक पहा, असं सर बोलले. यायनं कागदावर लिहेल हाये, वेफर्स फैजपुरात इकू. फैजपुरात कोन घेईन? घरोघरी केयी, घरोघरी तयतात. गिऱ्हाईक भुसावयच्या ठेसनावर हाये. गाड्या थांबतात तिठी.”

पितांबरनं मान खाली घातली. धंद्याच्या आराखड्याचा तो कागद त्यानं तीन रात्री जागून लिहिला होता.

“आणि केळीचे काप काळे पडतात, त्याचं काय कराल?” साहेबांनी विचारलं.

“ते वर्गात नाही शिकवलं, साहेब. ते मले येतेच.”

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पेनाचं टोपण काढून तिच्या नावापुढे खूण केली.

“पुढच्या महिन्यात यंत्रावरचं शिक्षण आहे. दहा दिवस इथंच राहायचं. खुर्चीत मात्र तुम्हीच. जमेल?”

कुठल्याही प्रश्नाला आधी नवऱ्याकडे बघायची तिची सवय. मान वळायलाही लागली होती. तिनं ती तशीच धरून ठेवली.

“जमेन.”

फाटकाबाहेर आल्यावर पितांबर फणकारला. “दहा रोज? मले इचारलं तरी का?”

“माह्य नाव लावलं, तवा तुमी मले इचारलं व्हतं?”

स्टँडपर्यंत तो दोन पावलं पुढे चालत राहिला. राग होता, लाज होती, आणि त्यातलं जास्त काय हे त्यालाही कळत नव्हतं. फैजपूरची गाडी लागली. त्यानं खिडकीची जागा धरली, मग सरकून ती तिला दिली.

गाडी गावाबाहेर पडल्यावर तो हळूच म्हणाला, “तुही म्हैस मले धार काढू देत नाही.”

“आजपासून बसत जा तिच्यापाशी,” कुंदाबाई म्हणाली. “महिना हाये अजून.”