कानावरची टिकली

टिकली बाळाच्या कानावरून सुटून दुपट्यावर पडली होती — तिळाएवढी, मधोमध नीट दिसणारही नाही अशी सुई, त्रास उतरावा म्हणून टोचलेली — तिने ती बोटाच्या टोकावर उचलली आणि तिला वाटलं, हेच, टिकली पडली म्हणूनच हा सकाळपासून असा किंचाळतोय... चार दिवसांचं पोर, आईच्या पोटातच नशेची सवय लागलेलं, आता अंगातून ती उतरताना हातपाय थरथरताहेत, शिंकांवर शिंका. दर तीन तासांनी हे सगळं मोजून तक्त्यावर आकडा लिहायचा, जितका मोठा तितका त्रास जास्त. वॉर्डात नर्स म्हणून सतरा वर्षं तिने परक्यांच्या पोरांचे आकडे लिहिले. हा सख्ख्या धाकट्या बहिणीचा.

काल तीन होता. आज चौदा.

कालच कानाच्या सुयांचा उपचार करणारी सुयावाली बाई हरखून म्हणाली होती, "सिस्टर, उतरलं बरं का! आता मॉर्फिनचे थेंब नकोतच." आणि तिने — दुसऱ्या कुणी नाही, तिनेच — ते वॉर्डभर सांगत मिरवलं. धाकटी तर गळ्यात पडली. "ताई, सुया लागू पडल्या गं! आणि मीपण सोडलंय सगळं, तुझ्या गळ्याची शपथ."

सुयावाल्या बाईने येऊन नवी टिकली लावली. तास गेला, दीड तास गेला. पोराचं पोट बाटलीने भरलेलं, लंगोट कोरडा, तरी तेच किंचाळणं. मग तिने सहज म्हणून तक्ता मागे उलटला... तीन, चार, पुन्हा तीन — प्रत्येक कमी आकडा धाकटी पाजून गेल्यानंतरचा. काल संध्याकाळी ती "जरा घरी झोपते" म्हणून गेली, आणि तेव्हापासून आकडा चढतच गेला. सात, दहा, चौदा.

छे. आईच्या कुशीत कुठलंही पोर शांत होतं. तेवढंच असेल, दुसरं काय!

दार हळूच उघडलं. "आले गं बाई," धाकटी कुजबुजली, केस विंचरलेले, चेहरा कसा निवांत. "दे इकडे. माझ्याकडे आला की लगेच गप्प होतो बघ."

या पोरांना उजेड सोसत नाही, म्हणून खोलीत कायम अंधूक असतं. अशा अंधारात कुणाच्याही डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. धाकटीच्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या, नशा घेतल्यावर होतात तशा.

सटवे, माझ्या गळ्याची शपथ घेतलीस ना गं! आणि दुधातून त्यालाच... पण तीन दिवस मी त्याच्या कानाकडे बघत होते, तिच्या डोळ्यांकडे एकदाही नाही. आकडा उतरत होता, आणि तो मला उतरलेलाच हवा होता. डॉक्टरांना सांगितलं तर पोर हिच्यापासून कायमचं तुटेल.

"ताई, दे ना. बघ कसा रडतोय."

तिने दुपटं छातीशी घट्ट धरलं. दिलं तर पाच मिनिटांत शांत होईल, हे तिला ठाऊक होतं, धाकटीलाही. आणि तो तसा किंचाळत असताना तिला, सगळं कळूनही, द्यावंसंच वाटत होतं.