रुंद मानेची गिटार

मेघना गायला आली आणि अमृताला आपल्या बास गिटारीच्या चार तारा अपुऱ्या वाटायला लागल्या.

आधीची गायिका काळी चारमध्ये गायची, उंच आणि टोकदार. मेघनाचा आवाज जाड, भरलेला. तिच्यासाठी सगळी गाणी पांढरी एकला उतरवावी लागली. त्या पट्टीतला अगदी तळाचा सा अमृताच्या गिटारीवर नव्हताच. ती तोच सूर वरच्या सप्तकात वाजवून वेळ मारून न्यायची, पण दर वेळी तिला वाटायचं, जोतं न घालताच आपण भिंत चढवतोय. लोकांना फरक कळत नसेल. तिला कळायचा.

गाण्याचा हा ग्रुप तिच्या वडिलांनी उभा केलेला. देवराम बसवर ड्रायव्हर होते, आणि मानपाड्यापासून कल्याणपर्यंत जिथे जयंतीचा मांडव पडेल तिथे ड्युटी आटपून गायला उभे राहायचे. त्यांचा घसा बसायला लागला तसा ग्रुप मुलाकडे, सम्यककडे आला. सम्यक कीबोर्ड वाजवायचा. त्याने नवे स्पीकर घेतले, लायटिंग घेतलं, जयंतीच्या सीझनबाहेर हळदी आणि सोसायट्यांचे कार्यक्रमही धरले. अमृता त्याच्याहून मोठी. दिवसभर एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात लॅबला, संध्याकाळी प्रॅक्टिसला. ती कॉलेजात असताना ग्रुपचा बासवाला दुबईला निघून गेला, तेव्हा ‘तात्पुरती धर’ म्हणत देवरामांनीच गिटार तिच्या गळ्यात घातलेली. ते तात्पुरतं बारा-तेरा वर्षं चाललं.

“सम्या, पाच तारांची गिटार लागेल आता,” तिने एकदा प्रॅक्टिसनंतर सांगून टाकलं. “मेघनाच्या गाण्यांना खालून काही नाहीच आपल्याकडे.”

तो चटकन नाही म्हणेल, असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, “घेऊ. पण बजेटमधली बघायची हां ताई. भारीतली नाही परवडणार ग्रुपला.”

“माझा या सीझनचा वाटा राहू दे ग्रुपमध्येच. त्यातून घे.”

“बघ, तूच बोललीस. आणि निवडायची पण तूच. तुझ्यासारखा कान नाही आपल्यात कोणाचा.”

हे वाक्य तिने कितीतरी दिवस जपून ठेवलं. भावाच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल.

पुढच्याच रविवारी दोघं सम्यकच्या बाईकवर ठाण्याला गेली. नौपाड्यात वाद्यांचं एक जुनं दुकान होतं, पुढे हार्मोनियम-तबले, आत गिटारी. गल्ल्यावर प्रमोदिनीबाई बसायच्या. सासऱ्यांचं दुकान त्यांनी सांभाळलं होतं आणि गिऱ्हाइकाला वाद्य हातात घेऊ द्यायला त्या कधी कुरकुरत नसत. त्यांनी बजेटमध्ये बसणाऱ्या पाच तारांच्या तीन गिटारी काढल्या आणि पहिली सम्यकच्या हातात दिली.

“मी नाही, ताई वाजवते,” सम्यक म्हणाला.

“अगंबाई, हो का! मग या, अशा स्टुलावर बसा.”

पहिली दिसायला झकास होती, कडेला काळी आणि मध्ये मधासारखी पिवळी. आत बॅटरी, वर चार-पाच बटणं. अमृताने बाकीच्या तारांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ पाचवी, सगळ्यात जाड तार छेडली. आवाज मोठा आला, पण सूर कुठला ते कळेना. ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा भद्द. तिने बटणं फिरवून बघितली. भद्द ते भद्दच. बहुतेक स्वस्तातल्या गिटारी इथेच मार खातात, हे तिला आठवडाभर मोबाईलवर बघून बघून कळलं होतं. चार तारा बरोबर लागतात, पाचवी नुसती नावाला.

“ही नको. रंगाचेच पैसे आहेत हिला.”

प्रमोदिनीबाई हसल्या. “हो हो, बाजूला ठेवा.”

दुसरी काळी, साधी. मान अरुंद, तारा जवळ जवळ. तिसरी नुसत्या लाकडाच्या रंगाची, मान चांगली रुंद. दोन्हींची पाचवी तार ताठ होती, मानेवरच्या पहिल्याच घरावरचा सा गोल आणि स्वच्छ यायचा. अमृताने आधी काळीवर मेघनाचं एक गाणं वाजवलं. पहिल्यांदाच त्या गाण्याला जमीन मिळाली. दुकानात तबला बघायला आलेला एक माणूस मान वळवून बघायला लागला. मग तिने तेच तिसरीवर वाजवलं. सूर तितकाच चांगला, पण तळाच्या तारेपर्यंत बोटं पोहोचवायला मनगट मुरडावं लागत होतं.

“तुमच्या हाताला काळी बसतेय,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “किमतीत म्हणाल तर दोन्ही सारख्याच.”

“हो, मलापण काळीच...”

“नाही ताई, रुंदवाली घे,” सम्यक मध्येच बोलला.

“अरे, पण माझी बोटं बघ ना.”

“होईल गं सवय. रुंद मानेवर तारा मोकळ्या असतात, फास्ट गाण्याला बरं पडतं. आणि बाजारात विचारतात अशीला. उद्या विकायची झाली तर?”

“आताच कुठे घेतोय, तर विकायच्या गोष्टी!”

“तसं नाही गं. पुढचा विचार करून घ्यावी माणसाने वस्तू.”

प्रमोदिनीबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा हिच्याकडे. मग म्हणाल्या, “वाजवणारीला ठरवू द्या हो.”

अमृता संकोचली. परक्या बाईसमोर भावाचं बोलणं मोडायचं, तेही तो हो म्हणून इथवर घेऊन आलेला असताना, हे तिला बरं वाटेना. शिवाय तो सांगत होता त्यात काही खोटं नव्हतं. मोकळ्या तारांचा फायदा असतोच. “द्या रुंदवाली,” ती म्हणाली.

शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून येताना गिटार तिच्या पाठीवर होती. बाजूने ट्रक गेला की ती पुढे वाकून, सम्यकच्या पाठीला चिकटून बसायची. स्वतःला लागेल म्हणून नव्हे. गिटारीला धक्का लागेल म्हणून.

मग दोन महिने तिने त्या मानेशी झुंज दिली. कारखान्यातून आली की हातपाय धुऊन आतल्या खोलीत बसायची. करंगळीचा सांधा सुजला. लॅबमध्ये काचेची नळी धरताना करंगळी मिटेना, तेव्हा बरोबरच्या बायका म्हणाल्या, डॉक्टरला दाखव. तिने क्रेप बँडेज गुंडाळलं आणि वाजवत राहिली. शांताबाई, तिची आई, हळद-तेल गरम करून बोटांना चोळून द्यायची. चोळताना नजर बोटांवरच ठेवायची. देवराम बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करायचे. अमृताला वाटायचं, पप्पा ऐकतायत.

हळूहळू बोटं उघडली. मनगट कसं ठेवायचं ते सापडलं. एके दिवशी मेघनाचं सगळ्यात अवघड गाणं न अडखळता पहिल्यापासून शेवटपर्यंत निघालं आणि खालचा सा इतका भरून आला की कपाटातली स्टीलची भांडी गुणगुणली. अमृता एकटीच हसली.

कल्याणला मोठा कार्यक्रम ठरला होता. त्याच्या चार दिवस आधी ती प्रॅक्टिसला गेली, तर तिच्या जागी एक उंच, रुंद हाडाचा पोरगा तिची गिटार गळ्यात घालून उभा. गिटार प्रॅक्टिसच्या खोलीवर ठेवत जा, असं सम्यकनेच आदल्या आठवड्यात सांगितलं होतं.

“ताई, हा शौनक,” सम्यक वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला. तिच्याकडे न बघता. “हा प्रोग्राम हा वाजवेल. तुझं बोट पण दुखतंय ना? तू कोरसला उभी राहा मेघनाच्या मागे.”

“माझं बोट बरंय.”

“अगं, एका प्रोग्रामचा प्रश्न आहे. नंतर बघू ना आपण.”

सगळे आपापल्या वाद्यांत तोंड खुपसून उभे होते. मेघनाने पाण्याची बाटली उघडली, बंद केली. अमृता तशीच निघून आली.

कार्यक्रमाला ती कोरसला उभी राहिली नाही. मैदानात बायकांच्या खुर्च्यांमध्ये जाऊन बसली. वाईट वाजावं, असं तिला मनापासून वाटत होतं. पण शौनक छान वाजवत होता. त्याच्या लांब बोटांखाली ती रुंद मान सहज मावत होती. मेघनाने सूर लावला, खालून तो सा आला, आणि शेजारची बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, “बाई, काय घुमतंय!” निवड अचूक होती. तिला त्याचाही राग आला.

मध्यंतरात शौनकच तिला शोधत आला. पोरगा सरळ होता.

“ताई, थँक्यू हां. काय मस्त बास निवडलात! मी सम्यकदादाला आधीच बोललेलो, आपल्याला बारीक मानेवर जमत नाही, बोटं अडकतात. तर तो बोलला टेन्शन नको घेऊ, ताई घेऊन येते, तिला बरोबर कळतं.”

अमृताने विचारलं, “आधीच म्हणजे कधी?”

“गिटार घ्यायच्या आधी. मी तेव्हाच येणार होतो ग्रुपमध्ये, पण माझी परीक्षा होती.” मग जरा लाजून म्हणाला, “आणि काँग्रॅट्स. तुमचं लग्न ठरलंय ना? दादा बोलला, म्हणून सोडताय तुम्ही.”

तिचं कुठेही काही ठरलेलं नव्हतं. “कोण बोललं तुला, मी सोडतेय?” एवढं ती म्हणाली, पण तेवढ्यात स्टेजवरून त्याला हाक आली आणि तो पळाला.

सकाळी घरात सगळी चहाला बसली होती. अमृताने उभ्यानेच विचारलं, “मला दुकानात कशाला नेलंस?”

सम्यकने कप खाली ठेवला. “ताई, चिडू नकोस. तुझा कान...”

“कान माझा आणि हात त्याचा. दोन महिने माझं बोट सुजलेलं बघत होतास तू.”

“मी बोलणारच होतो गं. तू एवढी खुशीत वाजवत होतीस, तोंडच उघडेना माझं.”

“लग्नाचं काय सांगितलंस त्याला?”

त्याने कप पुन्हा उचलला. देवराम म्हणाले, “अमू, तुला थांबव असं मीच म्हणालो त्याला. आता कामं लांबची यायला लागलीत. पनवेल, वाडा. बाईमाणसाने एवढ्या उशिरापर्यंत...”

तिने वडिलांकडे बघितलं. हा घाव या बाजूने येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. “मेघना नाही का येत, पप्पा?”

“ती गायिका आहे. लोकांना गायिका लागते. मागे गिटार घेऊन बाई उभी असली की लोक गाणं सोडून तिच्याकडे बघतात. बुकिंगवाले बोलून दाखवतात.”

“चाळीस वर्षं तुम्ही मांडवात काय गायलात, पप्पा? बाई पुरुषाच्या बरोबरीने उभी राहते, हेच ना? आम्ही पोरं पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो.”

देवरामांचा चेहरा उतरला. पण ते म्हणाले, “गाणं वेगळं, पोटापाण्याचं वेगळं.”

तिने आईकडे बघितलं. शांताबाई खाली बघत म्हणाली, “मला वाटलं, यांनी तुला सांगितलंय.” हळद-तेल लावणाऱ्या त्या बोटांनाही ठाऊक होतं तर. अमृताने पर्स उचलली आणि कामाला गेली.

त्यानंतर ती प्रॅक्टिसला गेली नाही. घरात बोलणं चाललं होतं, पण जेवढ्यास तेवढं. भाजी संपली, गॅस आला, मावशीचा फोन होता. करंगळी हळूहळू पूर्ववत झाली.

जयंतीच्या ऐन सीझनमध्ये शौनकला पुण्याच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राने उचललं. गिटार सम्यकच्या हातात देऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीत ग्रुपचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. सम्यक तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

“ताई, उद्या ये ना. तुला सगळी गाणी पाठ आहेत. मी चुकलो, बोल मला काय बोलायचंय ते. पण उद्या ये. बासशिवाय उघडे पडू आम्ही.”

किती दिवस ती याच वाक्याची वाट बघत होती. रिक्षात, लॅबमध्ये, भांडी घासताना तिने त्याची उत्तरं रचून ठेवली होती, एकाहून एक धारदार. आता त्यातलं एकही आठवेना.

“नाही येणार,” ती म्हणाली.

तो गेला. शांताबाईने जेवताना एकदा “अगं, जयंती आहे” म्हटलं, तेव्हा अमृता ताटावरून उठली.

कार्यक्रमाला सगळं घर गेलं. ती गेली नाही. मैदान लांब नव्हतं, स्पीकरचा आवाज वाऱ्याबरोबर येत-जात होता, शब्द कळत नव्हते. तिने खिडकी लावून घेतली. मेघना आता कुठल्या गाण्याला आली असेल, ते मात्र तिला नको असतानाही कळत होतं. इथे गाणं पोकळ होईल. इथे मेघना वळून मागे बघेल. इथे लोक चुळबुळायला लागतील.

सकाळी ती पोहे करत होती. देवराम आणि सम्यक उशिरा उठून बाहेर येऊन बसले. दोघांचे आवाज बसलेले, चेहरे फुललेले. हारातली फुलं टीपॉयवर पडली होती.

तिने पोह्यांच्या बशा समोर ठेवल्या. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडून गेलंच. “बासचं काय केलंत?”

“कीबोर्डवर मारला मी डाव्या हाताने,” सम्यक म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो खरंच सुटल्यासारखा झाला होता. “काय घाबरलेलो मी! पण पब्लिक नुसती नाचत होती, ताई. पुढच्या वर्षीचं बुकिंग तिथेच करून टाकलं त्यांनी.”

“एवढी माणसं होती,” देवराम बशी जवळ ओढत म्हणाले, “कुणाला कळलंसुद्धा नाही.”

अमृताने “लिंबू देऊ का?” असं विचारलं. मग आत जाऊन डबा भरला, आणि कामाला निघायची वेळ झाली म्हणून निघाली.