मधमाशीचं उत्तर 'सी'

लेकीच्या, सुकन्याच्या स्कॉलरशिपसाठी आम्ही देगलूरचं बिऱ्हाड मोडून लातुरात आलो. परीक्षेला महिना राहिला होता. काल शिकवणीतल्या चाचणीत इंग्रजी उपमांना तिला पैकीच्या पैकी मार्क पडले. मी हौसेनं विचारलं, "सदा कामात असलेल्या माणसाला कुणाची उपमा देतात गं?"

"सी."

"आणि शूराला?"

"ए."

मधमाशी नाही, सिंह नाही, नुसती अक्षरं! सर एकाच पेपरची उत्तरं ओरडून पाठ करून घेत होते आणि चाचणीला तोच पेपर देत होते. हीच ती नावाजलेली शिकवणी.

आज मी भर वर्गात गेले. उमाशंकर सर खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत.

"ताई, मार्क पूर्ण हायत. अडचण काय हाय?"

"परीक्षेचा पेपरपण तुम्हीच काढायलात का सर?"

"लई शिकलेल्या आया आल्या की हे असं होतंय," ते पोरांकडं बघून हसले. पोरंही हसली.

मी खडू उचलला. फळ्यावर मधमाशीचाच प्रश्न लिहिला, फक्त पर्यायांची जागा बदलली. मधमाशी पहिली ठेवली आणि तिसरी म्हैस.

"सी!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. फळ्याकडं न बघताच सरांनी कौतुकानं मान डोलावली.

सगळ्यांत मोठा आवाज माझ्या सुकन्याचा होता. मी तिचं दप्तर उचललं.

"चल. महिना हाय अजून आपल्याकडं."