फणसपोळीच्या शेजारी

किशोरीने केळीचे खोड कुटून, शिजवून त्याचा लगदा केला, जाळीवर पसरला आणि कागद खळ्यात वाळत घातले. सावंतवाडीच्या एका दुकानाला तिला वह्या द्यायच्या होत्या. "कागद दुकानात मिळत नाय काय गो?" म्हणत तिच्या सासूने, सावित्रीने, नाक मुरडले आणि शेजारच्याच चटईवर आपली फणसपोळी पसरली. दोन्ही तपकिरी, दोन्ही पातळ.

दुपारी वारा सुटला तशी सावित्रीने हाताला लागेल ते गोळा करून डब्यात कोंबले. संध्याकाळी शेजारचे भाई आले. सावित्रीच्या फणसपोळीचा अख्ख्या तोंडवलीत बोलबाला, म्हणून तिने चहाबरोबर मोठा तुकडा पुढे केला. भाई चघळत राहिले. चहा संपला तरी चघळतच होते.

"वयनी, राग मानू नकात, पण औंदा पोळी बिघाडली. गोडी नाय, आणि चिवट केवढी!"

सावित्रीचे तोंड एवढेसे झाले. तेवढ्यात आतून किशोरी ओरडली, "आई, माझो एक कागद खंय गेलो?"

सावित्रीने भाईंच्या हातातला उरलेला तुकडा उजेडात धरला. आत केळीचे धागे दिसत होते. गप्प बसावे तर पोळीचे नाव जाते, बोलावे तर पाहुण्याला कागद चारल्याचे पाप. तिला विचार करावाच लागला नाही.

"भाई, पोळी नाय ती! माझ्या सुनेन केल्लो कागद आसा तो!"

भाईंनी तोंडातला घास शांतपणे गिळला.

"असां? मगे बरो झालो आसा. कागदाक आणखी गोडी ती खंयसून येतली?"