अकराजणींची पंगत

रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायच्या छोट्या यंत्रावर सात पॉइंट चार हा आकडा आला तेव्हा यंत्रच बिघडलं असावं, अशी तोरिकाने स्वतःची समजूत घालून पाहिली. दुसऱ्या बोटाला सुई टोचली. पुन्हा सात पॉइंट चार; हवं होतं निदान अकरा. समोर बसलेल्या लाइसानीला पाचवा महिना होता, आणि तिची खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढरीफटक.

तोरिका त्या गावची नर्स. गाव तिला नासी म्हणायचं. राजधानीत, सुवा शहरात वाढलेली, वय सत्तावीस, बेटावर येऊन जेमतेम आठ महिने झालेले. "एवढ्याशा रक्तावर बाळंत झालीस आणि थोडं जास्त वाहिलं, तर मी काहीही करू शकणार नाही," ती म्हणाली. "गोळ्या देते. आणि घरी सांग, म्हणजे खाण्याकडे..."

"घरी सांगायचं नाही," लाइसानी म्हणाली.

"का?"

"तीनदा सांगितलं, नासी. तिन्ही वेळा अख्खं गाव चटया आणि सुरण घेऊन दारात आलं. तिन्ही वेळा चौथ्यात गेलं. मग तेच लोक तशाच चटया घेऊन रडायला आले. त्यांचं चुकलं नाही, पण मला आता ते सोसणार नाही. हे रडेल तेव्हा कळू दे सगळ्यांना. नवऱ्यालासुद्धा फोनवर सांगितलेलं नाही. तो तिकडे ऑस्ट्रेलियात फळं तोडतोय, तोडू दे."

"बरं. गोळ्या तरी घे."

"त्या लाल गोळ्या कशाच्या, हे माझ्या सासूला डोळे मिटून कळतं." लाइसानी उठली. दारात थांबून म्हणाली, "तू बोललीस, तर या पायऱ्या मी परत चढणार नाही."

तोरिकाने शब्द दिला. दिला खरा, पण त्या गावात असला शब्द पाळणं म्हणजे विस्तव पदरात बांधून हिंडणं. पोट लपवणारीच्या गर्भाला तिथे 'दगडी गर्भ' म्हणतात. तो एका घरापुरता राहत नाही. पाव फुगत नाही, विहीर गढुळते, मासे जाळ्याकडे पाठ फिरवतात. शहरातल्या शहाण्यांनी याला खुशाल हसावं. पण जी सांगते तिच्या डोक्यावरचा लाकडांचा भारा सासरच्या बायका उतरवून घेतात, तिला रोज काहीबाही रांधून आणतात. जी सांगत नाही तिचा भारा डोक्यावरच राहतो, आणि ती सगळ्यांच्या मागून, भांड्याला लागलेलं खाते. लाइसानी तेच करत होती, आणि तोरिका दवाखान्याच्या खिडकीतून रोज बघत होती. जीव नुसता तुटत होता.

आणि नेमकं त्याच पंधरवड्यात बायकांचं जाळं तीन वेळा रिकामं आलं.

जाळ्याची मुख्य उनाइसी. सत्तरीची, काटक, गावातल्या निम्म्या पोरांची आजी, म्हणून सगळ्यांची बुबू. तिसऱ्या खेपेला ओहोटीवरून ती तशीच ओल्या अंगाने दवाखान्यात आली आणि रिकामी टोपली तिने तोरिकाच्या टेबलावर, थेट कागदांवर ठेवली.

"कोण आहे गं?"

तोरिका टोपलीकडे बघत म्हणाली, "बुबू, मला सांगता येणार नाही."

"म्हणजे आहे कुणीतरी."

"असंही मी म्हटलेलं नाही."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. तोरिकाला वाटलं, आता ही ओरडेल, प्रमुखाकडे जाईल, उद्या सगळ्या सुनांना ओळीने उभं करेल. मागे असं झालं होतं म्हणे. पण बुबू खाली बसली, लुगडं पिळावं तसा कमरेला गुंडाळलेला सुलू पिळला आणि म्हणाली, "तुझ्या आधीची नासी बरी होती. तिला एक केळं दिलं की दहा घरांच्या बातम्या द्यायची. तिच्यापायी दोघीजणी रात्रीच्या बोटीने गाव सोडून गेल्या. एक परत आलीच नाही." तिने टोपली कागदांवरून उचलली. "नाव नको. बाईला काय खायला हवं, तेवढं सांग."

"कोणत्या बाईला?"

"कोणत्याही. रक्त कमी असलेल्या कोणत्याही बाईला."

हे सांगायला काय हरकत होती? तोरिकाने सांगितलं. चिखलातल्या शिंपल्या, मिळतील तितक्या. अळूची पानं. अंडं, मासा. वर लिंबू पिळायचं. जेवणाबरोबर चहा मुळीच नको, चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. हवं तर लिंबाच्या पानांचा उकाळा प्यावा. आणि रोजची एक गोळी.

"पोरंबाळं होण्याच्या वयाच्या सुना गावात अकरा," बुबू बोटं मोजत म्हणाली. "अकराजणींना पुरतील एवढ्या गोळ्या आहेत?"

तोरिकाला आधी अर्थच लागला नाही. मग लागला: अकराहीजणींना दिलं, की त्यातली ती एक कोण हे कुणाला कळायलाच नको. चार वर्षं ती कॉलेजात शिकली होती, रुग्णाची गोष्ट गुप्त कशी ठेवायची यावर परीक्षा देऊन पास झाली होती. तिला हे सुचलं नव्हतं. तिला सुचणारही नव्हतं.

त्याच संध्याकाळी, रीतीप्रमाणे भेट म्हणून कावा या पेयाची मुळी घेऊन, बुबू पंगतीची परवानगी मागायला गावच्या प्रमुखाकडे गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात चटई अंथरली गेली, आणि वरच्या अंगाला, जिथे एरवी पुरुष आणि पाहुणे बसतात, तिथे अकरा सुना बसल्या. बसल्या म्हणजे काय, बुबूने हाताला धरून बसवल्या. आजन्म दाराशी बसून सगळ्यांच्या मागून जेवलेल्या बायका त्या. हात कुठे ठेवावा कळेना. एक उठून वाढायला निघाली.

"बस खाली," बुबू म्हणाली.

पुरुष दाराबाहेर घोटाळत होते. एक जण म्हणाला, "आणि आम्ही काय वारा खायचा, बुबू?"

"खा की. फुकट आहे, आणि तुम्हाला पचतोही."

बायका हसल्या, आणि हसता हसता जेवायला लागल्या. नारळाच्या रसात शिजलेल्या शिंपल्या, तशीच अळूची भाजी, उकडलेला कसावा, पिळलेलं लिंबू. बुबू दारात ठाण मांडून होती. कुणी पोराला घास द्यायला हात पुढे केला की डोळे वटारायची. "पोरांचं वेगळं ठेवलंय. हा तुझा घास, तुझ्याच तोंडात." शेवटी तोरिकाने प्रत्येकीच्या हातावर एकेक लाल गोळी ठेवली. लाइसानी सातव्या जागी बसली होती. तिने गोळी गिळली, वर बघितलं नाही. कुणीही कुणाच्या पोटाकडे बघितलं नाही. तोरिकाने ते मुद्दाम न्याहाळलं. अकरा सुना, त्यांच्या सासवा, बाहेरचे पुरुष, एवढ्या डोळ्यांतला एकही डोळा चुकून खाली गेला नाही. देवळात गेल्यावर वाटतं तसं तिला वाटलं, आणि तिने ते कुणापासून लपवलंही नाही. डोळे पुसले सरळ.

गोळ्या देते आहे म्हणून त्या आठवड्यात तिने अकराही जणींचं रक्त तपासलं. तिला वाटलं होतं, एक कमी निघेल आणि दहा बऱ्या. कमी निघाल्या सहा. आणि सगळ्यांत खालचा आकडा लाइसानीचा नव्हताच. सहा पॉइंट दोन. तो होता अनासेइनीचा, बुबूच्या धाकट्या सुनेचा. अंगावर पिणारं पोर, घरात नऊ माणसं, आणि ही रोज चुलीपाशी उभी.

अनासेइनीने तो आकडा स्वतःच सासूला सांगितला. बुबू तडक दवाखान्यात आली आणि तोरिकाला म्हणाली, "मी गावभर शोधत हिंडले बघ. माझ्या चुलीपाशी कोण वाळत चाललंय ते दिसलं नाही मला." दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरची चूल तिच्या दोन मुलग्यांनी पेटवली. पहिले काही दिवस कसावा कच्चा निघाला. बुबूने तो कच्चाच खाल्ला आणि त्यांनाही खायला लावला.

जाळ्याचं म्हणाल तर ते कधी भरून यायचं, कधी नाही. बायका शिंपल्या खणत राहिल्या. चार महिन्यांत पंगत एक दिवस चुकली, तीही वादळामुळे.

लाइसानीला नववा लागला तेव्हा आकडा दहा पॉइंट आठ होता. आता तिला बोटीने मोठ्या बेटावरच्या इस्पितळात पाठवायला हवं होतं. लपवणं संपलं. तोरिका म्हणाली, "मी सांगू?" लाइसानी म्हणाली, "नको, मीच."

दुपारी पंगतीत ती उठून उभी राहिली. खरं तर पोट आता आंधळ्यालाही दिसलं असतं. "बुबू," ती म्हणाली, "चार महिने जिच्यासाठी तुम्ही हे करताय, ती मी. आधी बोलले नाही. मला क्षमा करा."

कुणी चकित झालं नाही. आणि 'आम्हाला ठाऊक होतं' असंही कुणी म्हटलं नाही. तिची सासू तोंडाला हात लावून रडत होती.

"तुझ्यासाठी?" बुबू म्हणाली. "मी अकराजणींना वाढत होते."

"पण हे चौथं आहे," लाइसानी म्हणाली. "एवढं खाऊ घातलंत, आणि हेही गेलं तर?"

"पोटात कोण आहे त्याची गाठ देवाशी. मला दिसते ती तू. तुला वाढत होते मी." बुबूने पातेल्यात पळी घातली. "बस. उभ्याने जेवू नये."

लाइसानी बसली आणि जेवली. तोरिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

बारा दिवसांनी, भर दुपारी, इस्पितळातून फोन आला. त्या बाजूच्या नर्सने सगळं सांगितलं आणि तोरिकाने मध्ये मध्ये फक्त हं म्हटलं. फोन ठेवून ती धावत सभागृहात गेली. पंगत बसलेली होती. सातवी जागा रिकामी होती. सगळ्या हात थांबवून तिच्याकडे बघायला लागल्या.

"बाळ..." तोरिकाने सुरुवात केली.

"बाळाचं मग," बुबू म्हणाली. तिने हातातली पळी खाली ठेवली. "आधी तिचं सांग."

"खूप रक्त गेलं, बुबू. तिला रक्त द्यायला त्यांना जुळणारं कुणी सापडेना. पण तिने टिकाव धरला." तोरिकाला धाप लागली होती. "आत्ता उठून बसलीय. भूक लागलीय म्हणते."