गाडी चालू असताना

देवराम बोलत नाही, हे सगळ्या खोपट वस्तीला ठाऊक होतं. उभा जन्म एसटी चालवण्यात गेला आणि समोर कायम पाटी: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. बाकीचे ड्रायव्हर त्या पाटीखालीच गप्पा छाटत. या बाबानं मात्र ती मनावर घेतली, इतकी की पायी चालतानाही पाळली. बायकोनं, मंजुळानं, काही विचारायचं तर आधी त्याला थांबवायचं.

आणि त्याला अटॅक येऊन गेल्यावर, व्यायाम शिकवणारी नयन मॅडम सांगते काय, "काकू, काकांना रोज चालवायचं आणि बोलतं ठेवायचं. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. वाक्य मधेच तुटायला लागलं, की थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा."

"मॅडम, त्यापेक्षा पळवते की त्यांना. सोपं पडेल."

नयन हसली. मंजुळाला हसू आलं नाही. एकदा त्याला जमिनीवर पडलेला बघितल्यापासून तिच्या जिवाला थारा नव्हता.

संध्याकाळी दोघं टेंभी नाक्याकडे निघत.

"अहो, चहा कसा झालेला?"

"हं."

"रत्नदीपचा फोन आलेला का?"

लेकाचं नाव काढलं तरी देवरामनं नुसती मान हलवली. आता मान हलवण्यावरून दम कसा ओळखायचा, कप्पाळ? ती त्याचे ओठ बघायची, घाम बघायची, पुन्हा ओठ बघायची. समोरून येणारे लोक तिला धडकायचे. गप्प राहवेना म्हणून मग सगळा रस्ता तीच बोलायची. शेजारच्या उत्तरावहिनींचं गळकं छत, आंबिवलीच्या नणंदेचा तोरा, काहीच सोडायची नाही. तो आपला मिठाची गुळणी धरलेला. एकदा तर ती चिडून म्हणाली, "मरा मग असेच, गप्प राहून." तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच रडू फुटलं.

त्या दिवशी ती नणंदेच्या घरच्या बारशाचं आणि नणंदेच्या साडीचं सांगत होती. नाका जवळ आला आणि देवराम एकदम उभा राहिला. मंजुळानं त्याचा दंड धरला.

"काय होतंय? छातीत का?"

"मला काही नाही. तुझं वाक्य तुटतंय."

"माझं?"

"परवापासून. आधी खोपटहून निघालीस की नाक्यापर्यंत थांबायची नाहीस. आज साडीपाशी थांबलीस, काठापाशी थांबलीस. चढावर गाडीला जोर लागावा, तसा लागतोय तुला. मी ऐकतो ना रोज."

मंजुळाची पाठ दोन दिवस भरून येत होती, जबडाही ठणकत होता. ती म्हणाली, "उकाडा आहे, दुसरं काय. तुमच्यामागं फिरून फिरून…" पुढचं बोलायला तिला थांबावं लागलं.

तोवर त्यानं रिक्षाला हात केला होता. तिला आत बसवून तो रिक्षावाल्याला म्हणाला, "हॉस्पिटल. खड्डे चुकव, पण थांबू नको." रिक्षा सुटली. त्यानं तिचा हात हातात घेतला.

"साडी कुठल्या रंगाची होती?"

मंजुळा त्याच्याकडे बघतच राहिली. "मोरपंखी," ती म्हणाली.

"आणि काठ?"

"लाल… बारीक लाल." तिला खूप भीती वाटत होती.

"पाळणा कोणी म्हटला? बाळ कोणावर गेलंय? सांग मंजुळे, मी ऐकतोय," देवराम म्हणाला. रिक्षा चालू होती आणि तो काही गप्प बसत नव्हता.